वीज हवी, वीजकेंद्र नको!

‘घरातला एक दिवा मालवून जगाचा ताप उतरत नाही,’ असे एक वाक्य अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडून वारंवार ऐकू येऊ लागले आहे. वाक्य सुटसुटीत आहे. ऐकणारास ते शहाणपणाचे वाटते. आणि उच्चारणारास त्यापायी काहीच करावे लागत नाही. एखादे मत लोकप्रिय होण्यास ह्याहून अधिक गुण कोणते हवेत? कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावी वकील, डॉक्टर, शिक्षक व व्यापारी अशी चार मंडळी एकत्र जमली की, ह्या वाक्यावर त्यांचे एकमत होण्यास वेळ लागत नाही. मग त्याच बैठकीत, त्याच फिरत्या पंख्यांखाली, दुसरा विषय निघतो. तो कोकणात येऊ घातलेल्या वीजकेंद्रांचा. आणि तितक्याच एकमताने ठरते की, आंबा-काजूची ही भूमी आणि मासळीने भरलेला हा समुद्र आम्ही धुराच्या किंवा किरणोत्साराच्या छायेत जाऊ देणार नाही. ही दोन्ही मते एकाच मस्तकात इतक्या सलोख्याने शेजार करून कशी राहतात, ह्याचे आम्हांस मोठे नवल वाटते. हा शेजार आता मोडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वीजकेंद्रांस विरोध करणारांची टर उडविण्याची आमची इच्छा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. राजापूर तालुक्यातील माडबन येथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉटचे केंद्र, उभारण्याची जैतापूर प्रकल्पाची योजना आहे. तिला तेथील शेतकऱ्यांनी व मच्छीमारांनी केलेला विरोध हा ज्यांची जमीन आणि जाळी पणाला लागली त्यांचा विरोध आहे, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. आमचा प्रश्न त्यांस नाही. तो आमच्यासारख्यांस आहे, ज्यांचे पणाला काहीच लागलेले नाही. आम्ही निवेदनावर सही करतो, घरी येतो, आणि वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर लावून स्वस्थ निजतो. ती वीज येते कोठून? महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशाच्या केंद्रांतून येतो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, आणि त्याच्या राखेत व धुरात आयुष्य काढणारी माणसे ही कोकणची नसली तरी माणसेच आहेत. कोयनेची वीज स्वच्छ खरी. परंतु तिच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या दारोदार हिंडत आहेत. तात्पर्य, वीज हवी आणि वीजकेंद्र नको, ह्या म्हणण्याचा सरळ अर्थ एवढाच होतो की, वीजकेंद्र दुसऱ्याच्या दारी हवे. हा अर्थ ज्यास मान्य असेल त्याने तो उघड बोलून दाखवावा. ज्यास मान्य नसेल त्याने आपल्या घरातील बटणांकडे वळावे. तिसरी वाट आम्हांस तरी दिसत नाही.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप असा की, घरगुती बचत ही इतकी क्षुद्र असते की तिची गणती करणेच हास्यास्पद होय. आमचे म्हणणे असे की, ज्यांनी गणती केलेली नाही तेच तिला हास्यास्पद म्हणतात. छताच्या साध्या जुन्या पंख्यास सुमारे पंचाहत्तर वॉट लागतात. हल्ली मिळणाऱ्या, ब्रशविरहित मोटारीच्या पंख्यास सुमारे तीस. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा फिरला (आणि आमच्या दमट किनाऱ्यालगत तो फिरतोच) तर एका पंख्यामागे वर्षाला एकशे साठ युनिटांचा फरक पडतो. कोळशाच्या केंद्रात एक युनिट निर्माण करण्यास सुमारे दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. म्हणजे एका पंख्यामागे शंभर किलोंहून अधिक कोळसा! कोळशाचे हे पोते कोणी आमच्या ओटीवर आणून ओतले असते, तर त्यास क्षुद्र म्हणण्याचे धाडस आम्हांस झाले नसते. ते चंद्रपुरास जळते म्हणूनच ते क्षुद्र ठरते.

दुसरे उदाहरण स्नानाच्या पाण्याचे घ्या. चार माणसांच्या घरात प्रत्येकी पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापविण्यास रोज दोन युनिटांहून अधिक वीज लागते. ह्यात खरी गोम निराळीच आहे. कोळशाच्या केंद्रात प्रथम कोळसा जाळून पाणी उकळतात. त्या वाफेने चक्र फिरवितात. चक्राने वीज होते. आणि ह्या खटाटोपात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांश विजेच्या रूपाने हाती लागते. मग ती वीज शेकडो मैल तारांवरून आणावयाची, वाटेत आणखी काही गमवावयाची, आणि अखेर तिने काय करावयाचे, तर पुनः पाणी तापवावयाचे! पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ह्यातील वेडेपणा उमगावा. परंतु परसात पडलेली सोडणे, करवंट्या व चुडते पालापाचोळ्याबरोबर उगाच जाळून टाकावयाची आणि आत न्हाणीघरात गीझर लावावयाचा, हा क्रम आमच्या पदवीधर घरांतून बिनदिक्कत चालू आहे. बंब परसात ठेवला, अथवा छपरावर सूर्याचा बंब बसविला, तर वर्षाचे आठ महिने तरी ही वीज वाचते. पावसाळ्याचे चार महिने सूर्य दगा देतो हे खरे. परंतु चार महिने दगा देणारा मित्र आम्ही बाराही महिने का सोडावा?

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. भारतीय माणसामागे वर्षाला कर्बवायूचे उत्सर्जन सुमारे दोन टन, अमेरिकन माणसामागे त्याच्या सातपट. तेव्हा पाप त्यांचे, प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे? पाश्चात्त्य राष्ट्रांचे देणे मोठे आहे आणि ते त्यांनी फेडलेच पाहिजे, ह्यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ह्या सरासरीची घटना जरा पाहा. तीत कणकवलीचा तिमजली बंगलेवाला आहे, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यावरील, दोन दिवे व एक पंखा वापरणारी म्हातारीही आहे. तिच्या गरिबीने आमची सरासरी खाली येते आणि त्या सरासरीच्या आडोशाने आम्ही अमेरिकेस जाब विचारतो. तिच्या दारिद्र्याचा असा उपयोग करताना तिची परवानगी आम्ही कधी विचारली आहे काय? अमेरिकेस उद्देशून केलेला प्रत्येक युक्तिवाद ती आमच्याकडे बोट दाखवून तंतोतंत करू शकेल. ती करीत नाही, कारण तिला बैठकीचे बोलावणे नसते.

ह्याच आक्षेपाची एक धाकटी बहीण आहे: ‘आम्ही बिल भरतो.’ भरता खरेच. परंतु त्या बिलात राखेने भरलेल्या फुप्फुसाचा आकार लावलेला नसतो, आणि तापलेल्या समुद्राचाही नसतो. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यातील चक्रीवादळे वाढली आहेत, हे हवामानशास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. २००९ साली फयान आले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा माड-पोफळी व आंब्याची झाडे मोडून पडली, विजेचे खांब जमीनदोस्त झाले, आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्याची कलमे त्या दिवशी उन्मळली त्याला बिल आले नव्हते. पण किंमत त्याने भरली.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंकडून येतो, म्हणून त्याचा परामर्ष आदरपूर्वक घेतला पाहिजे. ते जेव्हन्सचा दाखला देतात. १८६५ साली ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखविले की, वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती लोक अधिक कामांस लावतात. तेव्हा काटकसरी उपकरणांचा हा खटाटोप व्यर्थ होय! आम्ही म्हणतो, जेव्हन्सचे निरीक्षण खरे आहे, आणि त्याचा पुरावा शोधावयास इंग्लंडला जावयास नको. साठ वॉटच्या दिव्याच्या जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा आला. २०१५ पासून सरकारी योजनेतून तो स्वस्तात घरोघर पोहोचला. आणि आम्ही काय केले? अंगणात, कुंपणावर, गच्चीवर, नारळीच्या बुंध्याभोवती मिळून वीस दिवे लावले, व ते रात्रभर जळत ठेवले. मृगाच्या तोंडावर काजव्यांनी लखलखणारी झाडे आमच्या आवारातून नाहीशी झाली, तीही ह्याच उजेडापायी. परंतु ह्यावरून सिद्ध काय होते? यंत्राची काटकसर निष्फळ आहे हे नव्हे. माणसाच्या संयमावाचून ती निष्फळ आहे, हे. जेव्हन्सने जे रोगनिदान म्हणून मांडले, ते आमचे मित्र पथ्य न पाळण्याचे निमित्त म्हणून पुढे करतात.

चौथा आक्षेप अगदी ताजा आहे. ‘आमच्या छपरावर सूर्याचे पत्रे आहेत, आता आम्हांस मोकळीक आहे.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. योजना चांगली आहे, आणि ज्यांस शक्य असेल त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु सूर्य दिवसा तळपतो आणि आमची यंत्रे रात्री घरघरतात. दिवसाची वीज जाळ्यात सोडून रात्री परत घेतली की हिशेबाच्या वहीत बेरीज-वजाबाकी बरोबर जुळते. पण रात्री दहा वाजता आमच्या खोलीत येणारी वीज ही प्रत्यक्षात कोळशाची अथवा धरणाची असते. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या ह्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात त्या पत्र्यांची मिळकत किती असते, हे पत्रेवाल्यांनीच सांगावे. रात्रभराच्या वातानुकूलनास आठ युनिटे धरली, तर तेवढ्यात तीस वॉटचा पंखा महिनाभर रात्री फिरतो. ज्यास यंत्र लागतेच, त्याने ते चोवीस-पंचविसावर ठेवावे; दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. एवढे करण्यास तर सूर्यही लागत नाही.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून सर्वांत बळकट आहे. ‘म्हणजे आम्ही पुनः चूल फुंकावयाची काय?’ हा प्रश्न बहुधा स्त्रिया विचारतात, आणि त्यांस तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. धुराने डोळे गेलेल्या व छाती भरलेल्या बायका ज्या घरांनी पाहिल्या, त्या घरांस चुलीचे गोडवे सांगणे हा निर्लज्जपणा होय. चुलीच्या मागच्या वैलाचे कौतुक मात्र आम्ही करणार. ‘पेज वैलार ठेव गो, आपसूक शिजतली,’ असे म्हणणाऱ्या आमच्या आजीस उष्णतेचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. परंतु एकदा निर्माण केलेली आच फुकट जाऊ द्यावयाची नाही, हे तिला ठाऊक होते. काळे वाटाणे रात्री भिजत घालणे, उकड्या तांदळास उकळी फुटताच झाकण घालून आच कमी करणे, ह्या गोष्टी वायूच्या शेगडीवरही तितक्याच चालतात. आणि येथे पुरुषवर्गास एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. घरातील बचत म्हणजे स्वयंपाकघरातील बचत, असा त्यांनी सोयीस्कर समज करून घेतला आहे. वातानुकूलन यंत्र, दुसरी मोटार, आवारातील वीस दिवे ह्यांचा निर्णय बहुधा कोण घेतो? बाईने पातेल्यावर झाकण ठेवून वाचविलेले सारे वर्षाचे धन हे गृहस्थ एका वैशाखात उधळतात.

चूल आणि चैन ह्यांच्या मधली वाट ह्याच गावाने दाखवून दिलेली आहे, आणि आमची तक्रार ही की, ती ह्याच गावाने विसरली. कणकवलीला लागून असलेल्या वागदे येथे १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम स्थापिला. अप्पासाहेब म्हणजे कोणी अडाणी विरागी नव्हेत. विद्यापीठाची उच्च पदवी घेऊन मग गांधींच्या मागे गेलेला हा पंडित. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण मांडले, आणि त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्यास खुद्द गांधींनी अन्न सोडले. घाण म्हणून जे आपण दूर लोटतो ते धन आहे, ह्या एका सिद्धांतावर त्यांनी आयुष्य वेचले. मैल्यापासून वायू काढण्याची कल्पना देशास नवी नव्हती. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ सालीच तो प्रयोग झाला होता. अप्पासाहेबांनी तीच विद्या शेणास आणि संडासास जोडून खेड्यातील घराच्या आवाक्यात आणण्याचा ध्यास घेतला. त्यांच्याच वाटेने पुढे देहूस डॉ. मापुसकरांनी संडासाच्या वायूचे काम वाढविले. आणि आज ह्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने डॉ. प्रसाद देवधरांच्या प्रेरणेने हजारो घरांच्या परसांत जैववायूची संयंत्रे उभी केली आहेत.

ह्या संयंत्राचे गणित साधे आहे. पंचवीस किलो शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर वायू मिळतो, आणि तो जवळजवळ अर्धा किलो सिलिंडरच्या वायूइतके काम देतो. शेणी थापून जाळल्या तर खत जाते आणि धूर उरतो. येथे वायू जळतो आणि खत उरते. बाई धुरातून सुटते, रान तोडीतून सुटते, आणि परदेशातून येणारा वायू तेवढा कमी लागतो. दोन गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी हे घडते. आणि आम्ही, पदवीधर? आमच्यांपैकी बरेच जण गोपुरीस वर्षातून एकदा, जयंतीला अथवा पुण्यतिथीला जातो. तसबिरीस हार घालतो. ‘कोकणचे गांधी’ ह्या शब्दांनी भाषणाचा आरंभ व शेवट करतो. आणि मोटार सुरू ठेवून आलेल्या ड्रायव्हरला हाक मारतो. ज्या माणसाने विष्ठेतून ज्योत काढली त्यास आम्ही फुलांखाली पुरून टाकले आहे.

हे सर्व आम्ही निष्कलंकपणे लिहीत आहो असा आव आणणे बरे नव्हे. आमचेही वडिलोपार्जित घर जांभ्या चिऱ्यांचे व मंगलोरी कौलांचे होते. भिंती जाड, पुढे पडवी, खळ्यावर चुडतांचा मांडव; तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई, आणि चैत्र-वैशाखातही दुपारी माजघरात अंग टाकता येई. दर वर्षी कौले परतण्याचा त्रास नको, माकडांचा उपद्रव नको, आणि खरे सांगावयाचे तर चारचौघांत कमीपणा नको, म्हणून ते उतरवून आम्ही सिमेंटची स्लॅब टाकली. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते आमच्या अंगावर ओकते. मग यंत्र आले. मग दुसरे आले. जी थंडी बापजाद्यांनी आम्हांस फुकट ठेवली होती ती आम्ही मोडून टाकली, आणि तीच आता चंद्रपूरच्या कोळशातून विकत घेत आहो. ही चूक अडाण्याची नव्हे, शिकलेल्याची आहे. म्हणूनच ती कबूल करण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली. गेल्या वर्षी त्या स्लॅबवर आम्ही कौलांचे दुसरे छप्पर घातले व मधली जागा वाऱ्यास मोकळी ठेवली. एक यंत्र काढून टाकले. दुसरे भर वैशाखात आजाऱ्यापुरते लावतो. जग त्यामुळे वाचले असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे त्याहून लहान आणि अधिक गैरसोयीचे आहे. एका घराच्या बचतीने जगाचा ताप उतरत नाही, हे कबूल. पण एका मताने निवडणूकही फिरत नाही, एका दाण्याने रासही होत नाही, आणि तरी मत देण्यास व पेरणी करण्यास आम्ही चुकत नाही. सरकारने कोळसा सोडावा, कारखान्यांनी धूर आवरावा, श्रीमंत राष्ट्रांनी आपले कर्ज फेडावे, ह्या मागण्या आम्ही मोठ्याने करीत राहू. परंतु मागणी करणाराच्या घरातून तिला विरोध करणारा आवाज रात्रभर घरघरत असेल, तर ती मागणी कोण मनावर घेईल? तेव्हा आमचा एक निश्चय झालेला आहे. कोकणात वीजकेंद्र नको, अशा निवेदनावर सही मागण्यास ह्यापुढे जे कोणी आमच्या दारी येतील, त्यांस आम्ही बसावयास देऊ, कोकमाचे सरबत देऊ, आणि सही करण्यापूर्वी आमचे विजेचे बिल त्यांच्यापुढे ठेवू. मग त्यांचे बिल मागू.